बोट कुठे राहतं?

तबल्यावरचं ‘तिरकिट’ म्हणजे चार आघात. ‘ति’ उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा, काही घराण्यांत अनामिका आणि करंगळीही त्याच्या जोडीला येतात. ‘र’ तर्जनीचा, ‘कि’ डाव्या पंजाचा, आणि ‘ट’ पुन्हा उजवीकडे शाईवर. द्रुत लयीत हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतं. त्या अर्ध्या सेकंदात मधलं बोट खाली येताना तर्जनीनं वर थांबायचं असतं आणि लगेच उलट. म्हणजे तबला वाजवणं हे जितकं बोट मारण्याचं काम आहे तितकंच बोट न मारण्याचं. ऐकणाऱ्याला मारलेली बोटं तेवढी ऐकू येतात. थांबलेल्या बोटांना कोणी दाद देत नाही.

आता समजा, वीस वर्षं वाजवत असलेल्या माणसाचं थांबायचं बोट एक दिवस थांबेनासं झालं. मधलं बोट खाली आलं की अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळतात. दुखत नाही, सूज नाही, मुंग्या नाहीत. तोच हात चहाचा कप नीट धरतो, गाडीचा ब्रेक दाबतो, मोबाइलवर भराभर मेसेज टाइप करतो, शर्टाची गुंडी लावतो. तबल्यावर गेला की मात्र बोटं गुंडाळतात. हात उचलला की पुन्हा सरळ.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ही भुताटकीच वाटली होती. आजार असेल तर तो सगळीकडे दिसायला हवा. चहाच्या कपाशी नीट वागणारं बोट तबल्याशीच का भांडेल? पण हे घडतं, आणि आपल्याला वाटतं त्याहून बऱ्याच जास्त वेळा घडतं. व्यावसायिक वादकांपैकी सुमारे शंभरात एकाला ते गाठतं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. डॉक्टर त्याला ‘फोकल डिस्टोनिया’ म्हणतात, आणि वादकांच्या बाबतीत ‘म्युझिशियन्स डिस्टोनिया’. बहुतेकांना तो तिशी-चाळिशीत, हात सर्वांत तयार असताना होतो. बायकांपेक्षा पुरुषांत बराच जास्त दिसतो. ज्या हातावर बारीक कामाचा भार जास्त, तोच हात बहुधा धरला जातो: पियानोवाल्याचा उजवा, व्हायोलिनवाल्याचा डावा. तबलावादकांच्या हातातला डिस्टोनिया बंगळुरूच्या मेंदूतज्ज्ञांनी २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला, तेव्हा हे दुखणं फक्त पियानो-व्हायोलिनवाल्यांचं, असं म्हणायची सोय उरली नाही.

खानदेशात वाजवून पोट भरणारे कमी नाहीत. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. लहानपणी नारायण राजहंसांनी, म्हणजेच बालगंधर्वांनी, याच गावात मेहबूबखाँकडे गाण्याचे पहिले धडे घेतले, त्याचं हे देणं. पण महोत्सवाच्या मंचावरचे वादक हा फार छोटा भाग. लग्नसराई लागली की धुळ्या-जळगावच्या रस्त्यांवर बँडच्या गाड्या निघतात, गाडीवर कॅसिओ, बँजो, पॅड, पुढे ढोल आणि ताशे, आणि अहिराणी गाण्यांवर चौकाचौकात वरात अडते. पुढच्या वेळी नाचता नाचता जरा गाडीवरच्या कॅसिओवाल्याच्या हाताकडे बघा. अंगठा आणि करंगळी दोन टोकांना ताणलेली, मधली तीन बोटं सनईची मुरकी काढतायत, आणि हे सलग तीन-चार तास, उभ्यानं, हलत्या गाडीवर. गावोगावच्या भजनी मंडळांत पेटीवाला आणि पखवाजवाला रात्र काढतात ते वेगळेच. तिकडे साक्रीच्या डोंगराळ भागात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला शिंग असलेलं ते वाद्य. ती वाजवणाऱ्याला गालात हवा साठवून फुंक तुटू न देता सूर धरावा लागतो. फुंकून वाजवणाऱ्यांच्या ओठांनाही हाच डिस्टोनिया होऊ शकतो. तो हातापुरता नाही.

यांतल्या एखाद्याचं बोट फिरलं तर काय होतं? ‘बोट आयकत नई,’ तो घरी सांगतो. घरचे म्हणतात नजर लागली. उस्ताद म्हणतात रियाज सुटला. बँडमास्तर म्हणतो, दोन दिवस आराम कर, शनिवारी तारीख आहे. हाडांचे डॉक्टर एक्स-रे काढतात, तो अगदी स्वच्छ निघतो. ‘काही नाही, मनाचं आहे.’ हे शेवटचं वाक्य सर्वांत जुनं आहे आणि त्यानं सर्वांत जास्त नुकसान केलं आहे.

लिहिणाऱ्यांचा हात असा फिरतो हे रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७१३ साली, कारकुनांची दुखणी सांगताना लिहून ठेवलं होतं. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आलं आणि दिवसभर एकच कळ दाबणाऱ्या तारमास्तरांचे हात अडू लागले. १९०८ साली ब्रिटनमध्ये या पेटक्याला कामगार नुकसानभरपाईच्या यादीत जागा मिळाली. भरपाई द्यायची म्हटल्यावर चौकशी आली, आणि लवकरच खापर माणसाच्या मनाच्या कमकुवतपणावर फुटलं. पुढे कित्येक दशकं हा घोळ चालू राहिला. १९८२ साली लंडनच्या शीही आणि मार्सडेन यांनी लेखकांच्या पेटक्याचे रुग्ण बारकाईनं तपासून सांगितलं की हा वेडेपणा नव्हे, हालचाल घडवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेचा बिघाड आहे.

पण मेंदूचा बिघाड म्हणजे नेमकं काय? इथून पुढची गोष्ट मला फार आवडते.

आपल्याला वाटतं बोट हाताला असतं. ते खरं, पण अर्धंच. बोट मेंदूतही असतं. कॅनडातला शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड १९३० च्या दशकात जाग्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श करून बघत असे. एका जागी स्पर्श केला की रुग्ण म्हणे अंगठ्याला काहीतरी झालं, थोडं सरकलं की तर्जनीला, आणखी सरकलं की मधल्या बोटाला. असं करत त्यानं अख्ख्या शरीराचा नकाशा मेंदूवर मांडला. त्या नकाशात पाठीला चिमूटभर जागा आहे आणि हाताला नि ओठांना भरमसाट. प्रत्येक बोटाचा आपला तुकडा, शेजारी शेजारी, क्रमानं.

या तुकड्यांना शेत म्हणू. पाच भावांची पाच शेतं, मध्ये बांध. आणि ही शेतं कसणाऱ्याच्या कष्टावर मोठी होतात! १९९५ साली जर्मनीतल्या थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतुवाद्यं वाजवणाऱ्या नऊ जणांच्या मेंदूतली चुंबकीय हालचाल मोजली. तारा दाबणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांचं क्षेत्र वाद्य न वाजवणाऱ्यांपेक्षा मोठं निघालं, करंगळीचंसुद्धा. आपण एरवी करंगळीला काही किंमत देत नाही, पण व्हायोलिनवाल्याच्या मेंदूत ती जहागीरदारीण असते. ज्यांनी लहान वयात वाद्य हातात घेतलं होतं त्यांच्यात हा फरक जास्त दिसला. पाच वर्षांच्या पोराला पेटीसमोर बसवणारे आपले जुने लोक काय करत होते ते यावरून कळतं. ते पोराच्या मेंदूत जमीन खरेदी करत होते.

मग जमीन वाढली तर बिघडलं कुठे? बिघडलं बांधावर. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला बांध कोरणं म्हणजे काय ते सांगायला नको. दरवर्षी नांगराची एक तास बांधाच्या अंगात घालायची, एक वीत इकडून, एक वीत तिकडून. कोणाच्या लक्षात येत नाही. काही वर्षांनी बांध नावालाही उरत नाही आणि मग भांडण थेट तहसीलात जातं. दोन शेजारी बोटं रोज हजारो वेळा, अगदी एकामागोमाग एक, एकाच ताणात, एकाच घट्ट पकडीत हलत राहिली तर मेंदूला त्यांच्याकडून येणारे संदेश जवळजवळ एकाच वेळी मिळतात. मेंदूचा नियम असा की जे एकाच वेळी येतं ते एकत्र बांधायचं. शिकणं म्हणतो ते हेच तर असतं. पण या एकत्र बांधण्यापायी दोन शेतांमधला बांध झिजतो.

१९९६ साली कॅलिफोर्नियात नॅन्सी बिल, मायकेल मर्झेनिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर हेच करून पाहिलं. माकडांनी एक मूठ दाबायची आणि सोडायची, खाऊ मिळवायचा, तासाला शेकडो वेळा. काही आठवड्यांत माकडांचे हात बिघडू लागले, मूठ नीट सुटेना. मेंदू तपासला तेव्हा हाताच्या नकाशातली एकेका पेशीची जागा नेहमीच्या दहा-वीस पट पसरलेली सापडली. जी पेशी एका बोटाच्या एका पेराचं काम बघायची ती आता अनेक बोटांचं बघत होती. एल्बर्ट यांच्याच गटानं १९९८ साली डिस्टोनिया झालेल्या वादकांचे मेंदू मोजले, त्यातही बोटांच्या जागा एकमेकींच्या फार जवळ सरकलेल्या दिसल्या.

म्हणून कप धरताना काही बिघडत नाही. कप धरायला सगळी बोटं एकत्रच वळायची असतात, तिथं बांध असला काय नि नसला काय. तिरकिटाला मात्र बांधाशिवाय गत्यंतर नाही. निरोगी मेंदू एका बोटाला ‘हल’ म्हणताना शेजारच्या बोटांना त्याच क्षणी ‘गप्प’ म्हणत असतो. डिस्टोनियात हे गप्प करणं दुबळं पडतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क हॅलेट यांनी वर्षानुवर्षं याच गोष्टीचा पाठपुरावा केला. तेव्हा बोट वाकतं ते दुबळेपणानं नव्हे. जरुरीपेक्षा जास्त जोर त्याला मिळतो, म्हणून वाकतं.

यात नवल वाटावं अशी आणखी एक गोष्ट आहे. काही वादकांनी हातात पातळ रबरी मोजा चढवला, डॉक्टर घालतात तसला, तर त्यांची बोटं ताबडतोब बरी वाजतात! स्नायू तेच, नसा त्याच, फक्त त्वचेला होणारा स्पर्श बदलला. कळ बोटाला ओळखीची वाटली नाही, म्हणून मेंदूनं जुनी बिघडलेली ओळ काढली नाही. थोड्या वेळानं मोज्याचीही सवय होते आणि फायदा ओसरतो. पण तेवढ्या वेळात एक गोष्ट पक्की कळते: हात शाबूत आहे. बिघाड हातात असता तर रबराच्या झिरझिरीत पापुद्र्यानं तो गेला नसता.

ज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं त्यांनी काय काय सोसलं याचा इतिहास अंगावर येतो. रॉबर्ट शुमानला पियानोवादक व्हायचं होतं. १८३० च्या सुमारास त्याचं उजव्या हाताचं मधलं बोट ऐकेनासं झालं. बोट सुटं व्हावं म्हणून तो त्याला ताण देणारं एक यंत्र वापरत असे. डॉक्टरांनी आणखी पुढचा उपाय सांगितला: नुकत्याच मारलेल्या जनावराच्या उबदार आतड्यांत हात बुडवून बसायचं. तो बसलाही. बोट काही आलं नाही. आज अनेक अभ्यासकांना वाटतं की तो डिस्टोनियाच असावा. शुमान संगीतकार झाला, पियानो वाजवायचं काम त्याच्या बायकोनं, क्लारानं, केलं, आणि ती त्या काळातल्या थोर पियानोवादकांत गणली गेली.

लिऑन फ्लायशरची हकीकत जास्त जवळची, कारण ती शेवटपर्यंत लिहून ठेवलेली आहे. १९२८ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत वाजवत होता. १९५२ साली ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारा तो पहिला अमेरिकन. १९६४ साली, छत्तिसाव्या वर्षी, उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी तळव्याकडे वळू लागली. त्यानं काय केलं असेल? जे कोणताही मेहनती वादक करेल तेच. तो आणखी तास बसू लागला. जितकं जास्त वाजवलं तितकी बोटं जास्त वळली. पुढची तीस वर्षं त्यानं कोणी सुचवेल तो उपाय केला. वाजवायची जागा त्यानं डाव्या हाताला दिली, आणि त्यासाठी त्याला एका जुन्या दुर्दैवाचा उपयोग झाला. पॉल विट्गेनस्टाइन या व्हिएन्नाच्या वादकानं पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता आणि घरच्या पैशाच्या बळावर मोठमोठ्या संगीतकारांकडून फक्त डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या होत्या. रावेलची त्यातली रचना १९३२ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. फ्लायशर तीच वाजवत राहिला, शिष्य घडवत राहिला, वाद्यवृंद चालवत राहिला.

१९९० च्या दशकात त्याच्या हाताच्या स्नायूंत बोटॉक्स टोचलं गेलं. सुरकुत्या घालवणारं म्हणून आपल्याला ठाऊक असलेलं ते द्रव्य एका जिवाणूचं विष असतं. नस स्नायूला जो रासायनिक निरोप देते तो ते अडवतं. बेताच्या मात्रेत, नेमक्या स्नायूत दिलं तर जास्तीचा जोर तेवढा कमी होतो. असर साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं. मात्रा जास्त झाली तर बोट वळायचं थांबतं, पण वाजवण्याइतका जोरही उरत नाही. २००४ साली फ्लायशरची दोन्ही हातांनी वाजवलेली ध्वनिमुद्रिका आली, नाव होतं ‘टू हँड्स’. आपण बरे झालो असं तो कधी म्हणाला नाही, आजार आहे आणि आपण त्याच्यासोबत वाजवतो, एवढंच. २०२० साली वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

आपल्याकडची सर्वांत गाजलेली हकीकत जुलै २०१७ ची, बंगळुरूची. एक गिटारवादक, डाव्या हाताची मधली, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटं गिटारवर आली की वळायची. भगवान महावीर जैन रुग्णालयात त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आणि ती चालू असताना तो टेबलावर गिटार वाजवत होता. बातमी देशभर फिरली ती त्याच्या फोटोमुळे. पण तो जागा का होता याचा फार कमी बातम्यांनी नीट उलगडा केला. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यात वेदना टिपणारे तंतूच नसतात. कवटीच्या वरची त्वचा बधिर केली की माणूस जागा राहू शकतो. आणि त्याला जागं ठेवावंच लागतं, कारण बिघाड फक्त वाजवतानाच दिसतो. झोपलेल्या माणसाच्या मेंदूत शोधायचं काय?

डोक्याला चौकट स्क्रूंनी घट्ट बसवलेली, कवटीला लहानसं भोक, त्यातून खोल थॅलॅमसपर्यंत नेलेली बारीक तार. थॅलॅमस हा मेंदूच्या मधोमधचा भाग. हालचालीचे आदेश बाहेर पडण्याआधी त्याच्याशी सल्लामसलत होते. तारेच्या टोकाला उष्णता देऊन चुकीच्या आदेशाच्या वाटेतला अगदी नेमका ठिपका जाळायचा. थोडं जाळायचं, आणि म्हणायचं: वाजवा. पुन्हा थोडं, पुन्हा वाजवा. टेबलावरच त्याची बोटं मोकळी होऊ लागली. सात तास चाललेल्या या शस्त्रक्रियेत डॉक्टरांपाशी अत्याधुनिक यंत्रं होती, तरी निदानाचं अखेरचं साधन म्हणजे सहा तारांची गिटार होती. या शस्त्रक्रियेचा मार्ग प्रामुख्यानं जपानमधून, टोकियोच्या ताकाओमी ताइरा यांच्या कामातून रुळला. मेंदूतला ठिपका जाळणं मात्र सोपी गोष्ट नाही, जाळलेलं परत येत नाही, आणि म्हणूनच हा पहिला उपाय कधीच नसतो.

पहिला उपाय आपल्या परंपरेला पचायला सर्वांत कठीण आहे: थांबा. आपल्याकडे वाद्याच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे, रियाज. तबलजींमध्ये चिल्ला धरायची रीत आहे, चाळीस दिवस स्वतःला कोंडून घेऊन वाजवत राहायचं. त्यातून थोर हात तयार झाले यात शंका नाही. पण बांध कोरून कोरून गेला असताना आणखी नांगर फिरवून तो परत उभा राहत नाही. डिस्टोनिया झालेल्या शागिर्दाला ‘तास वाढव’ म्हणणारा उस्ताद त्याचं नुकसान करत असतो, आणि अजाणता का होईना, त्याचा दोष शागिर्दाच्या मेहनतीवर टाकत असतो. मला यात सर्वांत वाईट वाटतं ते हेच. हा आजार आळशाला होत नाही. जो हट्टानं बसतो, एकही आघात हुकू नये म्हणून दात-ओठ खातो, त्याला होण्याचा धोका जास्त. काही जणांत अनुवंशही असतो. बाकीच्यांना तेवढंच बसूनही काही होत नाही, ते सुदैवी.

नंतरचं काम असतं बांध नव्यानं घालायचं. वाद्याची जागा, उंची, बसायची पद्धत बदलायची म्हणजे स्पर्श आणि कोन बदलतो. इतक्या सावकाश वाजवायचं की बोट वळणारच नाही, आणि ज्या क्षणी वळेल त्या क्षणी थांबायचं. एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक प्रयोग केला की ज्या बोटाची भरपाई दुसरं बोट करतं त्या दुसऱ्या बोटाला पट्टीनं बांधून ठेवायचं, म्हणजे बिघडलेल्या बोटाला एकट्यानं काम करावं लागतं. महिनोन् महिने लागतात, कधी वर्षं. सगळ्यांना पूर्ण फरक पडत नाही. गोळ्याही असतात, पण त्या तोंड कोरडं पाडतात, डोकं जड करतात. पेटीवाल्याला एक सोय आहे जी तबल्यावाल्याला नाही: भाता दुसऱ्या हातानं मारून पट्ट्या डाव्या हातानं वाजवायला शिकता येतं. तबल्यावाल्याला डग्गा उजवीकडे नि तबला डावीकडे घेऊन सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. काहींना मग त्याही हातात लक्षणं दिसतात, हेही सांगून ठेवलेलं बरं.

विट्गेनस्टाइनपाशी घरचे पैसे होते, फ्लायशरपाशी नोकरी. वरातीतल्या कॅसिओवाल्याचं काय? त्याचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. सहा महिने थांबा असं त्याला सांगणं म्हणजे वर्षाची कमाई सोडा असं सांगणं. तारमास्तरांच्या हाताला शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये कायद्यानं जागा दिली, आपल्या बँडवाल्याच्या हाताला तेवढीही नाही. त्यामुळे तो पट्ट्या सोप्या करतो, त्या दोन बोटांना काम न पडेल अशी चाल बसवतो, आणि कोणाला सांगत नाही. बँडमास्तरला कळलं तर पुढच्या तारखेला दुसरा येईल.

एक सावधगिरी मात्र इथं महत्त्वाची. प्रत्येक वळलेलं बोट डिस्टोनिया नसतं. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते. बोट वाकताना कट् आवाज करून अडकत असेल तर तो स्नायूच्या दोरीचा प्रश्न. आणि अनामिका-करंगळी कायमची वळली असेल, सगळ्याच कामात वळलेली राहत असेल, त्या बाजूचा स्पर्श गेला असेल, तर कोपरापाशी जाणारी अल्नर नस तपासायलाच हवी. ती कुष्ठरोगानंही बिघडते, आणि कुष्ठरोग महाराष्ट्रातून गेलेला नाही. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि वेळेत घेतली तर हात वाचतो. तेव्हा बधिरपणा असेल तर एक दिवसही घालवू नये.

बधिरपणा नसेल, दुखत नसेल, आणि बोट फक्त वाद्यावरच फिरत असेल, तर गाठायचे ते मेंदूचे, न्यूरोलॉजीचे डॉक्टर, आणि शक्य असेल तर हालचालींच्या आजारांचं काम करणारे. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये. टेबलावर ठेवलेला हात कोणालाही काही सांगत नाही. पेटी, बँजो, कॅसिओ, जे असेल ते सोबत न्यावं, आणि नेणं अवघड असेल तर मोबाइलवर चित्रण करून न्यावं. एकदा बोटं जवळून दिसतील असं, एकदा खांद्यापासून. एकदा सावकाश वाजवून, एकदा रोजच्या लयीत. एकदा साध्या हातानं, एकदा रबरी मोजा घालून. दवाखान्यात पेटी उघडायला लाज वाटेल, रांगेतली माणसं बघतील, कोणीतरी अभंगाची फर्माईशही करेल. पण डॉक्टरांना तपासायचा आहे तो वाजवणारा हात. तो दाखवला नाही तर ते पुन्हा एक्स-रेच लिहून देतील.